एजंटाला जाणाऱ्या ई-मेलमागचा दीडशे वर्षांचा प्रवास

पूर्ण हस्तलिखित पाठवू नका. अटॅचमेंट उघडली जाणार नाही. आधी पानभर पत्र, आम्ही मागितलं तरच प्रस्ताव. लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी व्यवहार करणाऱ्या लिटररी एजंटांच्या या अटी वाचून आपल्याकडचा लिहिणारा बिचकतो. विदर्भातल्या खेड्यात बसून लिहिणाऱ्याची सवय नेमकी उलटी. आधी सगळं पुस्तक लिहायचं, तालुक्याला जाऊन टाइप करून घ्यायचं आणि अख्खा गठ्ठा नागपूर-पुण्याच्या प्रकाशकाला टपालाने धाडायचा. एजंटांच्या अटी मात्र लहरीतून आलेल्या नाहीत. त्या कुठून आल्या ते कळलं की भीती बरीच कमी होते.

एजंट हा माणूस लंडनमध्ये उभा राहिला. ए. पी. वॉट यांनी 1875 च्या सुमारास एका लेखक-मित्राच्या कथा प्रकाशकांना विकून द्यायला सुरुवात केली आणि त्यातूनच धंदा उभा राहिला. लेखकाला मिळणाऱ्या पैशातून दहा टक्के त्यांचे. पुढे किपलिंग आणि हार्डी हे नामवंत लेखकही त्यांच्याकडे आले. प्रकाशकांना हे रुचलं नाही. लंडनचे प्रकाशक विल्यम हाइनमान यांनी 1890 च्या दशकात एजंटांना उघडउघड बांडगुळं ठरवलं. कापसाच्या बाजारात अडत्याबद्दल जे बोललं जातं, तेच तिथे यांच्याबद्दल बोललं गेलं. फरक इतकाच, की हा मध्यस्थ माल पिकवणाऱ्याच्या बाजूने भाव करत होता. आता कमिशन साधारण पंधरा टक्के असतं आणि तेही पुस्तक प्रकाशकाला विकलं गेल्यावरच. नुसतं वाचण्यासाठी पैसे मागणं एजंटांच्या अमेरिकी संघटनेच्या नियमांतच बसत नाही. कुणी मागितले तर तिथेच थांबावं.

प्रस्तावाची पद्धत नॉनफिक्शनच्या, म्हणजे कथा-कादंबरी नसलेल्या पुस्तकांच्या, खर्चातून आली. कादंबरी घरी बसून लिहून होते. अभ्यासाच्या पुस्तकाला प्रवास, कागदपत्रं आणि वेळ लागतो, म्हणून आधी आगाऊ रक्कम लागते. ती देण्यापूर्वी प्रकाशकाला काही तरी दाखवावं लागतं. पुस्तक कशाबद्दल, वाचणार कोण, या विषयावर आधी काय आलंय, हे लिहायला तुम्हीच का, प्रकरणवार आराखडा आणि एक-दोन नमुना प्रकरणं. खेड्यातल्या लेखकासाठी ही मोठी सोय आहे. चार वर्षं राबून लिहिलेलं हस्तलिखित परत येण्यापेक्षा पंचवीस-तीस पानांचा प्रस्ताव परत आलेला परवडतो.

कागदाच्या काळात पत्रासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट जोडावं लागे. भारतातून अमेरिकी तिकीट कुठून आणणार? त्यासाठी आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन असे. जागतिक टपाल संघाच्या 1906 च्या रोम अधिवेशनात ते ठरलं. म्हणजे नकार यायचा तरी त्याचा खर्च आपणच आधी भरायचा.

मग ई-मेल आली. मे 2000 मध्ये ‘आय लव्ह यू’ व्हायरस अटॅचमेंटमधून जगभर पसरला. अनोळखी फाईल उघडायची नाही ही अट अशाच अनुभवांतून घट्ट झाली. म्हणून आजही कित्येक एजंट पत्र आणि नमुना पानं मेलच्या मजकुरातच चिकटवायला सांगतात. 2001 च्या शरदात अमेरिकेत पाकिटांतून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जंतू पाठवले गेले, पाच माणसं गेली आणि अनोळखी टपाल फोडायलाच लोक घाबरू लागले. ई-मेलकडचा ओढा त्याने वाढला.

या सगळ्यात ‘तुम्हीच का’ हा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समजा, भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडचे एखादे मास्तर मालगुजारी तलावांवर, म्हणजे तिथल्या जुन्या सिंचन-तलावांवर, इंग्रजीत पुस्तक लिहिणार आहेत. पदव्यांची यादी तिथे दुय्यम. कोहळी समाजाने बांधलेल्या त्या तलावांची पाळ त्यांनी लहानपणापासून पाहिली आहे, तलावाचं पाणी धानाच्या बांधीत कधी सोडायचं ते गावात कसं ठरतं हे त्यांना माहीत आहे, मासेमारीच्या हक्कासाठी झगडणाऱ्या धीवर कुटुंबांशी त्यांची उठबस आहे. दिल्लीत बसलेल्या अभ्यासकाला हे सहज जमणार नाही. ते लाजत शेवटच्या ओळीत टाकू नये, पत्राच्या पहिल्या परिच्छेदात लिहावं.

भारतात हा व्यवसाय तसा अलीकडचा. बंगळुरूची जॅकरांडा ही एजन्सी 1997 ची, जयपूरची सियाही 2007 ची. त्यांचं काम मुख्यतः इंग्रजीत चालतं. मराठीत लेखक आणि प्रकाशक यांच्यात सहसा कुणी मध्यस्थ नसतो. विदर्भ साहित्य संघ 1923 पासून आहे, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, पण प्रकाशक आपला आपणच गाठायचा. मराठी प्रकाशकालाही गठ्ठ्याआधी असा प्रस्ताव मेलने पाठवता येतो. मजकूर तेवढा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा लिपी-पद्धतीत, असावा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर, निव्वळ खुणांचा ढीग होऊन उघडतो.