नाकावरून फिरवलेला धागा

मॉस्को विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत नीलमाचे दंडगोल बारीक धाग्याच्या झोळीत टांगून 'वाजवत' असत. नीलम अर्थात कृत्रिम, अंगठीतला नव्हे. निर्वात पेटीत तो दंडगोल थरथरवायचा आणि थरथर विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. देवळातली चांगली घंटा टोल दिल्यावर घुमत राहते, तडा गेलेली बद्द वाजून थांबते. नीलम ही फारच चांगली घंटा. किती चांगली, हे सांगणाऱ्या आकड्याला भौतिकशास्त्रात 'क्यू' म्हणतात आणि रशियनांनी मोजलेला क्यू कोटींच्या घरात होता. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातून येणारी अतिसूक्ष्म थरथर, टिपू पाहणाऱ्यांना त्या आकड्यात फार रस होता. ज्या पदार्थाचा क्यू जास्त, त्याची उष्णतेमुळे होणारी थरथर एका ठरावीक स्वरापाशी गोळा होते आणि बाकीच्या स्वरांवर तो शांत राहतो. त्या लहरी टिपणाऱ्या उपकरणातल्या आरशासाठी असाच पदार्थ हवा.

पश्चिमेकडच्या प्रयोगशाळांनी तेच मोजमाप करून पाहिलं. जमेना. रशियनांचे शोधनिबंध हाताशी होते, उपकरणंही कमी नव्हती, तरी सुमारे वीस वर्षं तो आकडा मॉस्कोबाहेर कुणाला मिळाला नाही. साहजिकच आकड्यावरच शंका घेतली जाऊ लागली. शेवटी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठाचे लोक मॉस्कोला जाऊन आले, मॉस्कोतले शास्त्रज्ञ ग्लासगोत येऊन राहिले, आणि १९९९च्या उन्हाळ्यात एकदाचं जमलं.

हॅरी कॉलिन्स हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ हा सगळा प्रकार जवळून पाहत होते. त्यांनी जे टिपून ठेवलं त्यातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. धागा नीलमावर घासला की कंपनाची ऊर्जा तिथे झिरपते, म्हणून धाग्याला किंचित चरबी लावायची. किंचितच, कारण जास्त झाली तर ती चरबीच ऊर्जा खाऊन टाकते. मग किंचित म्हणजे किती? रशियन शास्त्रज्ञ धागा स्वतःच्या नाकावरून किंवा कानामागून फिरवून घेत असे. त्वचेचा तेवढा तेलकटपणा पुरे. आपल्या कातडीचं तेल किती उपयोगाचं, हेही ज्याचं त्यानं करून बघायचं.

आता हे शोधनिबंधात कोण लिहिणार?

कॉलिन्स यांना असा अनुभव आधीही आला होता. १९७०मध्ये कॅनडातल्या एका संरक्षण प्रयोगशाळेनं नव्या प्रकारचा कार्बन डायऑक्साइड लेसर बनवल्याचं जाहीर केलं. ब्रिटनमधल्या अनेक गटांनी तो बनवायला घेतला. कॉलिन्स यांनी त्यांचा माग काढला तेव्हा दिसलं, की नुसत्या छापील माहितीवर चालता लेसर कुणालाच बनवता आला नाही. ज्यांना जमला त्यांची चालता लेसर असलेल्या कुणाशी तरी ओळख होती, जाणंयेणं होतं. एक अडचण तर वीज साठवणाऱ्या कपॅसिटरपासून निघणाऱ्या तारांच्या लांबीची होती. तारा आखूडच हव्यात. ज्यांचा लेसर चालत होता, त्यांना हे मुद्दाम सांगावंसं वाटलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, त्यांच्या लेखी ती सांगण्यासारखी बाबच नव्हती.

पेच इथेच असतो. जाणकाराला काय सांगायचं ते सुचत नाही आणि नवख्याला काय विचारायचं ते कळत नाही. म्हणून 'मार्गदर्शन घ्या' या सल्ल्याचा अर्थ 'भेटून प्रश्न विचारा' एवढाच घेतला तर हाती फारसं लागत नाही. आपल्याकडे विचारतात, 'कुणाच्या हाताखाली शिकलास?' त्यातला हात महत्त्वाचा. बरंचसं ज्ञान तोंडावाटे येतच नाही, शेजारी उभं राहून बघताना येतं.

समाजशास्त्रज्ञ हॅरिएट झुकरमन यांनी अमेरिकेतल्या नोबेल मानकऱ्यांचा अभ्यास केला होता. १९७२पर्यंतच्या ९२ जणांपैकी ४८ जणांनी आधीच्या एखाद्या नोबेल मानकऱ्याच्या हाताखाली विद्यार्थी किंवा कनिष्ठ सहकारी म्हणून काम केलेलं होतं. गुरूकडून काय मिळालं असं विचारल्यावर त्यांनी विषयाच्या माहितीला फारसं महत्त्व दिलं नाही. ती ग्रंथालयातही होती. कोणता प्रश्न हाती घ्यावा आणि कोणता सोडून द्यावा, कोणतं उत्तर 'नुसतंच बरं आहे' म्हणून परत पाठवावं, ही पारख त्यांना मोलाची वाटली. मात्र या आकड्याला हुरळून जाऊ नये. हुशार मुलं नामवंत गुरू शोधतात, नामवंत गुरू हुशार मुलं निवडतात. घडवणूक किती आणि निवड किती, हे यातून वेगळं काढता येत नाही.

पारख कशी लागते याचं आपल्या घरचं उदाहरण जयंत नारळीकरांचं. बनारसच्या घरी फळा होता. एम.एस्सी. करायला येऊन राहिलेले मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्यावर भाच्यासाठी गणितातलं आव्हान लिहून ठेवत. सुटेपर्यंत ते पुसलं जात नसे. मला यात 'पुसलं जात नसे' हे फार आवडतं. जाता-येता नजरेसमोर प्रश्न आहे, सोडवण्याची सक्ती नाही, उत्तर मात्र कुणी सांगणार नाही.

पुढे केंब्रिजला नारळीकर खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी झाले. १९६१च्या सुरुवातीला केंब्रिजचेच खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी आकाशातल्या रेडिओ-स्रोतांच्या मोजणीच्या आधारे हॉइल यांच्या स्थिर-स्थिती सिद्धांतावर, म्हणजे विश्वाला सुरुवात नाही आणि ते एकूणात कायम सारखंच असतं या मतावर, घाव घातला. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत त्याला उत्तर द्यायचं होतं. हॉइल यांना त्या दिवशी दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी उभं केलं कुणाला, तर संशोधनाला लागून जेमतेम काही महिने झालेल्या नारळीकरांना. असं पुढे ढकलणं हा मार्गदर्शनाचा वेगळाच भाग आहे. संस्थांचा अभ्यास करणारे सल्ला देणारा आणि स्वतःचं वजन खर्च करून संधी मिळवून देणारा, यांत फरक करतात. पहिले पुष्कळ भेटतात.

यात धोकाही असतो. गुरूकडून पारख येते तशी मतंही येतात. विश्व महास्फोटातून सुरू झालं या विरुद्ध कल्पनेला पुरावे मिळत गेले, बहुतेक खगोलशास्त्रज्ञ तिकडे वळले, तरी नारळीकर शेवटपर्यंत साशंक राहिले. १९९३मध्ये त्यांनी हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह जुन्या सिद्धांताचं सुधारलेलं रूप मांडलं. हा हॉइल यांचा प्रभाव की स्वतंत्र बुद्धीचा हट्ट, हे बाहेरून ठरवणं कठीण. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे, कारण सभेत एकट्यानं उभं राहायलाही ते हॉइल यांच्याकडेच शिकले होते.

गुरू जितका मोठा तितका लाभ मोठा, असंही नाही. २०१०मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात गणितज्ञांच्या वंशावळीचा एक अभ्यास आला. वंशावळ म्हणजे कुणी कुणाला पीएच.डी.साठी मार्गदर्शन केलं याची. मोजलं होतं ते शिष्यांनी पुढे स्वतः किती विद्यार्थी घडवले हे. ज्यांनी मोजकेच विद्यार्थी घेतले त्यांच्या शिष्यांचा विस्तार अपेक्षेपेक्षा ३७ टक्के जास्त निघाला. पुष्कळ विद्यार्थी घेणाऱ्यांच्या बाबतीत वेळेला महत्त्व होतं: गुरूच्या कारकिर्दीच्या पहिल्या एक-तृतीयांश काळात आलेल्या शिष्यांचा विस्तार २९ टक्के जास्त, तर शेवटच्या एक-तृतीयांश काळात आलेल्यांचा ३१ टक्के कमी. विद्यार्थ्यांची संख्या म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे खरंच. पण ज्याच्याकडे अजून वेळ आहे तो गुरू बरा, असा माझा तरी अंदाज.

आणि कंपन्यांमधले मेंटॉर? कितीतरी पाहण्या एकत्र करून २००८मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की मेंटॉर असण्याचा संबंध चांगल्या गोष्टींशी आहे, पण तो बेताचाच. नवल वाटत नाही. ठरवून दिलेल्या माणसाला महिन्यातून एकदा कॉफीवर भेटल्यानं धागा किती तेलकट हवा ते कळत नसतं.

नीलमाचं पुढे काय झालं? गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेनं आरशांसाठी अखेर फ्यूज्ड सिलिका ही अतिशुद्ध काच निवडली. चाळीस किलोचा आरसा त्याच काचेच्या चार तंतूंवर लटकतो. एकेक तंतू जेमतेम ०.४ मिलिमीटर जाड. काच तापवून ते ओढायचे आणि आरशाला जोडायचे, या कसबात ग्लासगोच्याच गटाचा मोठा हात आहे. असा आरसा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियातही टांगायचा आहे. त्या प्रकल्पातली एक संस्था म्हणजे नारळीकरांनी पुण्यात उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था. तंतू कसे ओढायचे याची माहिती छापील आहेच. ती वाचून झाली की कुणीतरी तंतू ओढणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभं राहील आणि पहिले काही तंतू मोडेल.