संवाद (कृष्णमूर्ती विद्यालये)

जिद्दू कृष्णमूर्ती (१८९५–१९८६) यांच्या शिक्षणविचारावर चालणाऱ्या शाळांत शिक्षक, विश्वस्त आणि विद्यार्थी एकत्र बसून जो शोधपर विचारविनिमय करतात, त्याला संवाद म्हणतात. त्यात बाजू मांडून ती जिंकायची नसते. भीती, तुलना, अधिकार असा एखादा विषय घेऊन तो आपल्याच मनात कसा वावरतो, हे प्रत्येकाने पाहायचे असते.

या पद्धतीचे मूळ कृष्णमूर्तींच्या एका निर्णयात आहे. त्यांना जगद्गुरू मानून उभारलेला ‘ऑर्डर ऑफ द स्टार’ हा संघ त्यांनी १९२९ मध्ये नेदरलँड्समधील ओमेन येथे विसर्जित केला. गुरुपद नाकारणाऱ्याच्या प्रेरणेने चालणाऱ्या शाळेत मुख्याध्यापकाचा अधिकार कोणत्या प्रकारचा असावा, हा पेच आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली, वाराणसीचे राजघाट आणि १९६९ मध्ये सुरू झालेले इंग्लंडमधील ब्रॉकवूड पार्क या शाळांपुढे त्यामुळे स्वाभाविकपणेच उभा राहतो. भयग्रस्त शिक्षकाची शिस्त मुलांतही भयच रुजवते, असे कृष्णमूर्ती मानत. मात्र शिक्षकाने आधी पूर्ण बदलावे आणि मगच वर्गात जावे, असे ते म्हणत नसत. मुलांबरोबर शिकता शिकताच त्याने आपले संस्कारबद्ध, म्हणजे परंपरा आणि सवयींनी घडवून जखडलेले, मन ओळखावे, हा त्यांचा आग्रह होता आणि या विचारातील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. १ सप्टेंबर १९७८ पासून दर पंधरवड्याला शाळांना पाठवलेल्या पत्रांतही तो दिसतो.

ब्रॉकवूडचे एक विश्वस्त, भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांनी पुढे गटसंवादाची स्वतंत्र पद्धती मांडली. तीत कार्यक्रमपत्रिका नसते, आणि आपली गृहीतके न रेटता, न दडपता समोर ठेवून पाहायची असतात.

वेळापत्रक, प्रवेश, मंडळाच्या परीक्षा हे प्रश्न अशा संवादाने आपोआप सुटत नाहीत. ते निर्णय कोणाला तरी घ्यावेच लागतात. निर्णय घेणारा स्वतःची भीती आणि महत्त्वाकांक्षा सहकाऱ्यांसमोर तपासायला तयार आहे का, एवढाच फरक पडू शकतो, पण तो लहान नव्हे. याहून अवघड मर्यादा अशी की, अधिकार नाकारणारे कृष्णमूर्ती स्वतः बैठकीत असले की उपस्थितांचे लक्ष त्यांच्याच उत्तराकडे लागणे साहजिक होते. पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरजवळ सह्याद्री स्कूल १९९५ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर सुरू झाले. तेथील शिक्षकांना हा संवाद पहिल्या दिवसापासून त्यांच्याविनाच करावा लागला.