उठत नाही की आवरत नाही?

"आमचा सकाळी फार त्रास देतो" या एका तक्रारीत दोन अगदी वेगळ्या अडचणी असू शकतात. एका घरातलं मूल उठतच नाही. हाका मारा, पंखा बंद करा, पांघरूण ओढा, ते कूस बदलून पुन्हा झोपतं. दुसऱ्या घरातलं मूल उठतं, पण आवरत नाही. ब्रश तोंडात धरून बेसिनपाशी उभं राहतं, एक मोजा घालून दुसरा हातात घेऊन बसतं, शर्टाची दोन बटणं लावून खिडकीतल्या कबुतराकडे बघत राहतं. शेवट दोन्हीकडे सारखाच: खाली व्हॅनवाले काका हॉर्न वाजवतात, आईची नेहमीची लोकल चुकते आणि घरात आरडाओरडा होतो. म्हणून दोन्हीला 'आळशीपणा' म्हणून आपण मोकळे होतो. पण पहिल्या मुलाचं कारण आदल्या रात्रीत असतं आणि दुसऱ्याचं सकाळच्या तासाभरात. त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी न उठणाऱ्या मुलाचं बघू, कारण त्याच्यावर जास्त अन्याय होतो. 'अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन' या झोपेच्या तज्ज्ञांच्या संस्थेने 2016 साली मुलांना किती झोप हवी याचं मार्गदर्शन दिलं. 3 ते 5 वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसकट 10 ते 13 तास, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास आणि 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास. हे आकडे आपल्या घड्याळावर मांडून बघा. पाचवीतलं मूल, शाळा 7:10 ची, व्हॅन 6:35 ची, म्हणजे उठायचं 5:45 ला. नुसते 9 तास मिळायचे तरी रात्री 8:45 ला झोप लागलेली हवी आणि त्यासाठी साडेआठच्या आत दिवे बंद व्हायला हवेत.

आता आई-बाबा दोघंही नोकरी करतात अशा डोंबिवलीतल्या किंवा पिंपरीतल्या घराची संध्याकाळ घ्या. घरी पोचायला आठ वाजतात. कुकर लागतो, मधेच गृहपाठाची वही निघते, नऊच्या सुमारास शाळेच्या ग्रुपवर 'उद्या चार्ट पेपर पाठवणे' असा मेसेज येतो. जेवण साडेनऊला, झोप पावणेअकराला. म्हणजे मिळाले 7 तास. रोजचे 2 तास कमी, पाच रात्रींत 10 तास. अशा मुलाला सकाळी कितीही गोड बोलून उठवा किंवा दरडावून उठवा, फरक पडत नाही. त्याचं शरीर राहिलेली झोप मागत असतं.

राज्य सरकारलाही याची दखल घ्यावी लागली. 8 फेब्रुवारी 2024 च्या निर्णयानुसार पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग 2024-25 पासून सकाळी 9 वाजता किंवा त्यानंतर भरवायचे ठरलं. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, म्हणजे सकाळच्या शाळेतली लहान मुलं अंधारातच घराबाहेर पडत होती. मला हा निर्णय मनापासून पटतो. पण त्यातून नोकरदार पालकांपुढे दुसरा पेच उभा राहिला. आई-बाबा आठला घराबाहेर पडणार असतील तर नऊच्या शाळेला सोडणार कोण? ज्या घरात आजी-आजोबा नाहीत, तिथे मूल तरीही सहालाच उठवून पाळणाघरात पोचवावं लागतं. तिथे घड्याळ बदलूनही झोप वाढत नाही. शिवाय एकाच इमारतीत दोन सत्रं चालवणाऱ्या शाळांची अडचण वेगळीच.

आपलं मूल न उठणारं आहे की न आवरणारं, हे ओळखण्यासाठी फार काही करावं लागत नाही. सुट्टीच्या दिवशी त्याला कोणी उठवू नका आणि ते आपणहून कधी उठतं ते बघा. रोजच्यापेक्षा दोन-अडीच तास उशिरा उठत असेल तर झोप कमी पडते आहे. व्हॅनमध्ये डोळा लागतो का, शाळेतून आल्यावर बूट काढता काढता सोफ्यावर आडवं होतं का, तेही बघा. संध्याकाळी मात्र फसगत होते. झोप अपुरी राहिलेलं लहान मूल मोठ्यांसारखं पेंगत नाही. ते उलट जास्त धुडगूस घालतं, किरकोळ कारणावरून रडतं, हट्टाला पेटतं. मग "याला झोप कुठे आलीय, बघा किती एनर्जी आहे" असं म्हणत आपण त्याला आणखी तासभर जागू देतो.

एक पुरावा पालक हमखास पुढे करतात: "सहलीच्या दिवशी बरा पाचला उठतो!" उठतो, खरं आहे. उत्सुकता एखाद्या दिवशी झोपेवर मात करते. रात्रभर जागून पहाटेची गाडी पकडताना आपणही ताजेतवाने असतो. त्या एका सकाळीवरून रोजची झोप पुरेशी आहे असं ठरवता येत नाही.

दोन्ही अडचणींच्या मधे आणखी एक अवस्था येते आणि ती बहुतेक सगळ्यांना असते. जाग आल्यावर मेंदू पूर्ण चालू व्हायला साधारण 15 ते 30 मिनिटं लागू शकतात. त्या वेळात मूल ऐकतं पण हलत नाही, विचारलं तर भलतंच उत्तर देतं. हा उद्धटपणा नाही. गाढ झोपेतून उठवलेलं असेल तर हा जडपणा जास्त जाणवतो. दिवा लावा किंवा पडदा सरकवा, जवळ बसून पाठीवरून हात फिरवा आणि पहिली दहा मिनिटं कुठलंच काम सांगू नका. तेवढी सवड ठेवली तर पुढचं आवरणं लवकर होतं.

आता आवरत नाही त्या मुलाकडे येऊ. याची झोप पुरी झालेली असते आणि रविवारी हे सगळ्यांच्या आधी उठून कार्टून लावून बसतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला 'दहा मिनिटं उरली' याचा काही अर्थ लागत नाही. आणि स्वयंपाकघरातून येणारी "आवर पटकन!" ही सूचना म्हणजे त्याच्यासाठी एक काम नसून आठ-दहा कामं असतात. आधी कुठलं करायचं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. इथे मिनिटांपेक्षा क्रम उपयोगी पडतो. शी, दात, अंघोळ, कपडे, खाणं, बूट: रोज हाच क्रम, अगदी रविवारीसुद्धा. लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलासाठी चित्रं काढून बाथरूमच्या दाराला चिकटवा. कपडे खाण्याच्या आधी घालायचे, कारण भुकेल्या पोटी कपडे चढतात, भरल्या पोटी मूल रेंगाळतं. आणि सूचना पोळी लाटता लाटता ओरडून न देता जवळ जाऊन, खांद्याला हात लावून, एका वेळी एकच द्यायची. गॅस बंद करून जावं लागतं, पण पाच हाका वाचतात.

शीच्या बाबतीत मात्र घाई करू नका. खाल्ल्यावर किंवा कोमट दूध प्यायल्यावर आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे ज्याला उठल्याउठल्या होत नाही त्याला दुधानंतर दहा मिनिटं निवांत बसू द्यावं. शाळेतल्या संडासात जायला बरीच मुलं कचरतात, दाबून धरतात, आणि त्यातून बद्धकोष्ठाची सुरुवात होते.

रेंगाळण्यामागे कधीकधी वेगळीच गोष्ट असते. दिवसभर न दिसणारी आई सकाळच्या त्या तासात हाताशी असते आणि मोजा घालायला वेळ लावला की ती जवळ येते. अशा मुलाला ओरडून काहीच साधत नाही. उठवल्याबरोबर पाच मिनिटं त्याला मांडीवर घेऊन बसलं तर ते स्वतःहून उठून कामाला लागतं.

न उठणाऱ्या मुलासाठी मात्र हे सगळं केलं तरी उपयोग नाही. त्याचा उपाय रात्रीतच आहे, आणि नोकरी करणाऱ्या पालकांना तो मनाला लागतो. आठला घरी येऊन साडेआठला मुलाला झोपवायचं, मग त्याच्याबरोबर वेळ कधी घालवायचा? मी इथे एकच भूमिका घेईन: मुलाचं जेवण मोठ्यांच्या जेवणाला बांधून ठेवू नका. पाळणाघरातल्या मावशी किंवा आजी सातला त्याला वरण-भात भरवू शकतात. अंघोळ संध्याकाळीच उरकता येते, म्हणजे सकाळी नुसतं तोंड-हातपाय धुतले तरी चालतं. दप्तर, गणवेश, पाण्याची बाटली, डब्याची भाजी चिरून ठेवणं ही कामं त्याला झोपवल्यानंतरची. घरी आल्यावरचा अर्धा-पाऊण तास मग पूर्ण त्याचा, टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून, अंथरुणात गोष्ट सांगत. वेळ कमी आहे खरा, पण ताटावरच्या कटकटीत गेलेल्या दोन तासांपेक्षा मुलाच्या वाट्याला जास्त येतो.

झोपेची वेळ एकदम दोन तासांनी मागे आणता येत नाही. तीन-चार दिवसांनी 15 मिनिटं, अशी सरकवावी. रविवारी उठण्याची वेळ तासाभरापेक्षा जास्त लांबवू नये, नाहीतर सोमवारी सगळं पहिल्यापासून. आठवी-नववीतल्या मुलांचं गणित वेगळं असतं. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं आणि रात्री लवकर झोप येत नाही. त्यात क्लास साडेआठला सुटत असेल तर त्यांना 'रात्री जागत बसतो' म्हणून रागावण्यात अर्थ नाही. क्लासची बॅच बदलता येते का, ते विचारावं.

आणि पुरेसे तास झोपूनही जे मूल रोज थकलेलं उठतं, घोरतं, तोंडाने श्वास घेतं किंवा झोपेत सारखं तळमळतं, त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कधी वाढलेल्या ॲडेनॉइड्समुळे (नाकाच्या मागच्या बाजूच्या ग्रंथींमुळे) किंवा टॉन्सिल्समुळे श्वास अडून झोप मोडत असते, कधी रक्तातलं लोह कमी असतं. शाळेच्या दिवशीच पोट दुखत असेल आणि शनिवारी आपोआप थांबत असेल, तर व्हॅनमध्ये, वर्गात किंवा मधल्या सुट्टीत काय चाललंय ते मुलाशी सावकाश, सकाळची घाई नसेल अशा वेळी बोलून बघा.