मृतकाष्ठवासी भुंगेरे

मेलेल्या, मरणपंथाला लागलेल्या किंवा कुजत चाललेल्या लाकडावाचून ज्यांचे जीवनचक्र पुरे होत नाही, अशा भुंगेऱ्यांना मृतकाष्ठवासी भुंगेरे म्हणतात. लाकूड पोखरणाऱ्या जातींबरोबरच त्या लाकडावरील बुरशीवर, तिथे वाढणाऱ्या इतर कीटकांच्या अळ्यांवर किंवा झाडाच्या ढोलीत साचलेल्या कुजक्या भुशावर जगणाऱ्या जातींचाही यात समावेश होतो. वर्गीकरणातील हा गण किंवा कुल नव्हे. एकमेकांशी दूरचे नाते असलेल्या अनेक कुलांतील जाती केवळ निवारा आणि आहार यांमुळे या एका नावाखाली येतात.

कीटक वर्गात आजवर नाव मिळालेल्या सुमारे १० लाख जातींपैकी जवळजवळ ४ लाख जाती ढालपंखी गणाच्या, म्हणजे भुंगेऱ्यांच्या आहेत. पुढच्या पंखांची कठीण ढाल झाल्यामुळे मागचे उडण्याचे पंख सुरक्षित राहतात आणि भुंगेऱ्याला सालीच्या फटीत अंग घुसवता येते. या गणाच्या भरभराटीत या ढालीचा वाटा मोठा आहे. लिनीअस यांनी १७५८ मध्ये या गणाची मांडणी केली, तेव्हा यूरोपातील सांबरशिंगी भुंगेरा त्यांनी शेणकिड्यांच्या स्कॅरॅबियस प्रजातीत घातला होता. १७६३ मध्ये स्कोपोली यांनी त्यासाठी लुकेनस ही स्वतंत्र प्रजाती केली. आज गणाचे चार उपगण मानतात. मृतकाष्ठवासी जाती बहुसंख्येने पॉलिफॅगा या सर्वांत मोठ्या उपगणात आढळतात. लांब मिशांचे सेरँबिसिडी, चकचकीत रंगांचे ब्युप्रेस्टिडी, नरांचे जंभ (जबडे) शिंगांसारखे वाढलेले लुकॅनिडी, पिलांसह कुजक्या ओंडक्यात राहणारे पॅसालिडी आणि उलटे पडल्यावर टक्कन उडी घेणारे इलॅटेरिडी ही त्यांतील ठळक कुले होत. आर्कोस्टेमाटा या लहान आणि अतिप्राचीन उपगणाच्या अळ्याही बुरशीने पोखरलेल्या लाकडातच वाढतात, यावरून या राहणीचे प्राचीनत्व लक्षात येते.

एकाच ओंडक्यात वेगवेगळ्या जाती एकामागून एक येतात. झाड मरताच सालीखालचा रसाळ थर खाणारे सालभुंगेरे प्रथम पोहोचतात. यूरोपातील स्प्रूस वृक्षावरचा इप्स टायपोग्राफस हा जेमतेम ५ मिमी. लांबीचा भुंगेरा याचे चांगले उदाहरण आहे. नर सालीला भोक पाडून आत एक लहान दालन कोरतो आणि गंधद्रव्य सोडतो. त्या वासाने आलेली प्रत्येक मादी दालनापासून खोडाच्या लांबीच्या दिशेने एक बोगदा काढते आणि त्याच्या दोन्ही कडांना खाचा करून एकेक अंडे ठेवते. अंड्यातून बाहेर पडलेल्या अळ्या मुख्य बोगद्याला काटकोनात आडव्या निघतात आणि अळी जशी वाढते तसा तिचा बोगदाही रुंद होत जातो. सालीचा तुकडा उचकटून आतली बाजू पाहिली, तर ही सारी हकिकत तिथे कोरलेली दिसते. या अळ्यांच्या मागावर क्लेरिडी कुलातील भक्षक भुंगेरे येतात, नंतर लाकडात खोल शिरणारे लांब मिशांचे भुंगेरे येतात, आणि बुरशीने लाकूड मऊ केल्यावर पॅसालिडींसारख्या जातींची पाळी येते. मेलॅनोफिला प्रजातीतील भुंगेरे तर वणव्याकडेच धाव घेतात. मधल्या पायांच्या बुंध्याशी असलेल्या खळग्यांतील इंद्रियांनी त्यांना अवरक्त प्रारण (आगीतून निघणारे उष्णतेचे अदृश्य किरण) जाणवते आणि माद्या नुकत्याच जळालेल्या लाकडात अंडी घालतात.

लाकडात नायट्रोजन फारच कमी असतो आणि त्याला कठीणपणा देणारे लिग्निन हे द्रव्य पचण्यास अतिशय कठीण असते. त्यामुळे बहुतेक जाती बुरशी व सूक्ष्मजीव यांच्या मदतीवर अवलंबून असतात. काही भुंगेरे शरीरातील खास कप्प्यांत बुरशीचे बीजाणू वाहून नेतात आणि बोगद्याच्या भिंतीवर तिची लागवड करून तीच खातात. निकृष्ट आहारामुळे वाढही संथ होते. सांबरशिंगी भुंगेऱ्याची अळी जमिनीतील कुजक्या मुळांत व बुंध्यांत कित्येक वर्षे काढते, तर प्रौढ मात्र एका उन्हाळ्यापुरताच जगतो.

या जातींचा प्रसार हवामानापेक्षाही जुन्या झाडांच्या अखंड उपलब्धतेवर ठरतो. ऑस्मोडर्मा इरेमिटा हा भुंगेरा यूरोपातील जुन्या ओक वृक्षांच्या ढोलीत राहतो. स्वीडनमधील अभ्यासात सुमारे १५ टक्के प्रौढच जन्माचे झाड सोडून दुसरीकडे गेल्याचे आढळले. जवळपास दुसरी ढोली नसेल, तर एक झाड तोडल्याने तिथली वसाहतच संपते, आणि नवे लावलेले रोप ढोली धरण्याइतके जुने होण्यास शतके लागतात. यूरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशानुसार या जातीला आणि ओकवरील सेरँबिक्स सेर्डो या जातीला संरक्षण आहे. धोक्यातील जातींची नोंद ठेवणाऱ्या यूरोपीय लाल यादीत २०१८ मध्ये तपासलेल्या सुमारे ७०० मृतकाष्ठवासी जातींपैकी १८ टक्के जाती धोक्यात असल्याचे नोंदले गेले. वाळलेले झाड तोडून जंगल स्वच्छ करण्याची प्रथा हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

भारतात या भुंगेऱ्यांचा अभ्यास मुख्यतः वनशास्त्राच्या अंगाने, नुकसानीच्या संदर्भात वाढला. सालवृक्षाचे सारकाष्ठ (खोडाच्या गाभ्याचे कठीण लाकूड) पोखरणाऱ्या हॉप्लोसेरँबिक्स स्पायनिकॉर्निस या लांब मिशांच्या भुंगेऱ्याने १९२० च्या दशकात आणि पुन्हा १९९० च्या दशकात मध्य भारतातील सालवनांत मोठा उपद्रव केला. ताज्या तोडलेल्या सालवृक्षाच्या रसाकडे हे भुंगेरे ओढले जातात, म्हणून ओंडके ठेचून ठेवायचे आणि जमलेले भुंगेरे वेचायचे, असा उपाय वनखाते करत आले आहे. कोकणात भिरूड म्हणून ओळखला जाणारा आंब्याचा खोडकिडा, बॅटोसेरा रूफोमॅक्युलाटा, हाही त्याच कुलातला. पण तो जिवंत झाडही पोखरतो, आणि खोडावरच्या भोकातून बाहेर पडणारा भुसा ही त्याची खूण असते. कोकण-गोव्यातील माडावरचा गेंड्या भुंगा तर दोन्हीकडचा आहे. त्याची अळी कुजलेल्या माडाच्या खोडात किंवा शेणखताच्या खड्ड्यात वाढते, तर प्रौढ जिवंत माडाचा कोवळा कोंब कुरतडतो. अशा मोजक्या उपद्रवी जातींमुळे सर्वच लाकूडकिड्यांना शत्रू समजणे चुकीचे आहे. उरलेल्या बहुसंख्य जाती मेलेले लाकूड फोडून त्यातील पोषकद्रव्ये मातीला परत देतात, आणि त्यांचे बोगदे पुढे इतर कीटकांना घरटी म्हणून मिळतात.

महाराष्ट्रातील अनेक देवरायांत पडलेले लाकूड उचलायचे नाही, असा दंडक पाळला जातो. सरपणासाठी सभोवतालचे जंगल वेचले जात असताना अशा राईत उभे वाळलेले, आडवे पडलेले आणि कुजून भुगा होत आलेले असे सर्व अवस्थांतील लाकूड एकत्र सापडू शकते, म्हणून सह्याद्रीतील मृतकाष्ठवासी भुंगेऱ्यांच्या पाहणीची सुरुवात देवरायांपासून करणे सर्वांत योग्य ठरेल.