टाकांचा भाव काय?

"आता ड्रोन लढतात, सैनिकाच्या मनाला कोण विचारतो?" टीव्हीवरच्या एका चर्चेत परवा हे ऐकलं आणि इराकमधलं मोसुल शहर आठवलं. जून २०१४. इराकी सैन्याकडे माणसं जास्त, अमेरिकेने दिलेली शस्त्रं आणि गाड्याही जास्त. आयसिस या जिहादी संघटनेचे लढवय्ये त्या मानाने मूठभर. तरी १० जूनला शहर पडलं. सैनिक गणवेश रस्त्यात टाकून पळाले. तेव्हाचे अमेरिकी गुप्तचर प्रमुख जेम्स क्लॅपर यांनी नंतर कबूल केलं, की लढण्याची इच्छा आधी जोखणं अवघड असतं.

अवघड खरं, पण अशक्य नाही. मानववंशशास्त्रज्ञ स्कॉट अ‍ॅट्रन आणि सहकारी थेट इराकच्या आघाडीवर गेले. कुर्द लढवय्ये, पकडलेले आयसिसवाले, सगळ्यांना त्यांनी चित्रं दाखवली: छोटं वर्तुळ म्हणजे मी, मोठं म्हणजे माझा गट. एका चित्रात दोन्ही अलग, शेवटच्यात छोटं पूर्ण मोठ्याच्या पोटात. तुम्ही कुठे? शिवाय विचारलं, कुटुंब आणि तत्त्व यांतलं एक सोडायचं तर कोणतं सोडाल? सैनिक शेजारच्या जोडीदारासाठी लढतो, हे दुसऱ्या महायुद्धानंतर रुजलेलं मत. इथे मात्र तत्त्वासाठी घरदारही सोडायला तयार असलेले लोक भेटले. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला.

मला भुरळ पडते ती यामागच्या यंत्रणेची. देव्हाऱ्यातले कुळाचे टाक घ्या. कुणी म्हणालं, "चांदीच्या भावाने देता का?" तर आपण हसून सोडून देऊ. "बरं, दुप्पट घ्या," म्हटलं की डोकं तापतं. भाव वाढला की नकार मऊ व्हायला हवा, तर तो उलट कडक होतो. इस्रायली वसाहतवाले आणि पॅलेस्टिनी निर्वासित यांच्या पाहणीत नेमकं हेच दिसलं: तडजोडीसोबत पैसे देऊ केले की वादातली गोष्ट पवित्र मानणाऱ्यांचा हिंसेला पाठिंबा वाढला, समोरच्याने चूक मान्य करण्यासारखं काही प्रतीकात्मक दिलं की तो घटला.

बार्सिलोनात एका जिहादी गटाच्या समर्थकांचे मेंदू स्कॅनरखाली पाहिले. पवित्र मानलेल्या गोष्टीसाठी मरायची तयारी सांगताना कपाळामागच्या वरच्या-बाजूच्या भागाची (डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स) हालचाल कमी होती. नफा-तोटा मांडणाऱ्या जाळ्यातला हा एक भाग. म्हणजे हिशोब करून निष्ठा जिंकत नाही; हिशोबाची वहीच फारशी उघडली जात नाही.

यावरून 'श्रद्धा असली की गोळी लागत नाही' छाप फॉरवर्ड कुणी करू नये. १९०५ मध्ये जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या (आजच्या टांझानियातल्या) माजी-माजी उठावात मंतरलेल्या पाण्याने गोळ्यांचं पाणी होईल, असा विश्वास होता. मशीनगनला तो कळला नाही. खुद्द मोसुलही २०१७ मध्ये आयसिसच्या हातून गेलंच.

बार्सिलोनातली आणखी एक नोंद. आपल्यासारखे इतर लोक मरायला तितकेसे तयार नाहीत असं त्या समर्थकांना सांगितल्यावर त्यांची स्वतःची तयारीही उतरली. मोसुलमध्ये तर वरिष्ठ अधिकारीच आधी निसटले होते.