पर्थेस रोगातील अस्थिचित्रण

लहान मुलांच्या खुब्याला होणाऱ्या पर्थेस रोगात हाडाची चित्रे घेऊन त्या सांध्याचे पुढे काय होईल याचा अंदाज बांधण्याची पद्धती. या रोगात मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिथले हाड मरते. मूल वाढीच्या वयात असल्याने मेलेले हाड शोषले जाते आणि त्या जागी नवे हाड तयार होते. या घडामोडीला साधारणतः २ ते ४ वर्षे लागतात. हाड भरून येणार हे बहुधा ठरलेलेच असते; ते गोल भरेल की चपटे, हा खरा प्रश्न. चपटे डोके उखळीत, म्हणजे ओटीपोटाच्या हाडातील ज्या खोबणीत ते बसते तिच्यात, नीट फिरत नाही आणि अशा सांध्याची झीज ऐन उमेदीतच सुरू होऊ शकते.

बोस्टनचे आर्थर लेग, फ्रान्सचे जाक काल्व्हे आणि जर्मनीचे गेओर्ग पर्थेस या तिघांनी १९१० मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे या रोगाचे वर्णन केले. त्याआधी स्वीडनच्या हेनिंग वाल्डेनस्ट्रोम यांनीही तो पाहिला होता, पण त्यांनी तो क्षयाचाच एक प्रकार मानला. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. तोवर लंगडणाऱ्या मुलाच्या खुब्यात डोकावण्याची सोयच नव्हती आणि वाल्डेनस्ट्रोम यांच्या काळातही हे तंत्र नवेच होते, त्यामुळे ही गल्लत समजण्यासारखी आहे.

रोग बहुधा ४ ते ८ वर्षांच्या मुलांना होतो; मुलग्यांत त्याचे प्रमाण मुलींच्या चार ते पाच पट असते. दुखणे पुष्कळदा खुब्यात न जाणवता गुडघ्यात किंवा मांडीत जाणवते, म्हणून आधी गुडघ्याचा एक्स-रे निघतो आणि तो निर्दोष येतो. लंगडणाऱ्या मुलाचा गुडघा दुखत असला तरी खुबा तपासलाच पाहिजे.

साध्या एक्स-रेवरून भाकीत करण्याची पहिली रूढ वर्गवारी कॅटरॉल यांनी १९७१ मध्ये मांडली. डोक्याचा किती भाग बाधित आहे यावरून त्यांनी चार गट पाडले आणि डोके धोक्यात असल्याच्या खुणाही नोंदवल्या. डोके उखळीतून बाहेरच्या बाजूला सरकू लागणे ही त्यांपैकी एक. मात्र एकच चित्र दोन डॉक्टर दोन गटांत टाकत, ही तिची अडचण ठरली. हेरिंग यांनी १९९२ मध्ये डोक्याच्या बाहेरील तृतीयांश भागाकडे, म्हणजे ‘बाहेरच्या खांबा’कडे, लक्ष वेधले. या खांबाची उंची शाबूत असेल तर अ गट, निम्म्याहून जास्त उरली असेल तर ब आणि निम्म्याहून कमी उरली असेल तर क. हा खांब उभा राहिला तर शरीराचा भार तो पेलतो आणि आतला नाजूक भाग चेपत नाही. विचार इतका सरळ आहे की ही वर्गवारी आजही सर्वांत जास्त वापरात आहे.

तिची खरी अडचण वेळेची आहे. खांब किती खचला हे हाडाचे तुकडे पडण्याच्या अवस्थेतच स्पष्ट दिसते, म्हणजे रोग सुरू होऊन बरेच महिने लोटल्यावर. उपचारांचा उद्देश मात्र डोके मऊ असतानाच ते उखळीत बसवून ठेवणे, म्हणजे उखळीच्या साच्यात त्याला गोल घडू देणे, हा असतो. मणिपालचे बेंजामिन जोसेफ आणि सहकाऱ्यांनी ६१० मुलांच्या एक्स-रे चित्रांचा अभ्यास करून २००३ मध्ये रोगाच्या अवस्थांचे बारीक टप्पे पाडले. डोक्याचा आकार बिघडण्याची वेळ कोणती, हे त्या टप्प्यांमुळे नेमकेपणाने सांगता येऊ लागले. भारतात कर्नाटकाच्या किनारपट्टीवर हा रोग जास्त आढळतो आणि तिथल्या मुलांना तो पाश्चात्त्य मुलांपेक्षा मोठ्या वयात होतो, हेही याच गटाच्या कामातून पुढे आले.

एक्स-रे हाडाचा आकार दाखवतो, रक्तपुरवठा दाखवत नाही. ती उणीव बोन स्कॅन भरून काढतो. यात टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य फॉस्फेटवर्गीय संयुगाला जोडून शिरेतून देतात आणि दोन-तीन तासांनी गॅमा कॅमेऱ्याने चित्र घेतात. रक्त पोहोचत नाही तो भाग चित्रात रिकामा दिसतो. कॉनवे यांनी या चित्रांची वर्गवारी केली. बाहेरच्या खांबात द्रव्य लवकर दिसू लागले तर जुन्या रक्तवाहिन्या पुन्हा मोकळ्या झाल्या असे समजतात आणि निकाल चांगला येण्याची आशा धरतात. खांब रिकामाच राहिला आणि रक्त वाढीच्या थरातून (डोक्याखालचा कूर्चेचा थर, जिथे हाड वाढते) वर येऊ लागले, तर ते चांगले लक्षण नव्हे. ही चाहूल एक्स-रेच्या कित्येक महिने आधी लागते.

आता बोन स्कॅनची जागा गॅडोलिनियम (रक्तपुरवठा चित्रात उठून दिसावा म्हणून शिरेतून देण्याचे द्रव्य) देऊन केलेला एमआरआय घेत आहे. त्यात किरणोत्सर्ग नसतो आणि डोक्याच्या कोणत्या भागात किती रक्त पोहोचते हे अधिक बारकाईने दिसते. डॅलस येथील हॅरी किम यांच्या गटाने सुरुवातीच्या अवस्थेतील असा रक्तपुरवठा पुढे खांब किती खचेल याच्याशी पडताळून पाहिला. तरी चार-पाच वर्षांच्या मुलाला यंत्रात निश्चल ठेवणे अवघड असते. कधी भूल द्यावी लागते, आणि खर्चही मोठा असतो.

कोणतेही चित्र मुलाच्या वयापासून वेगळे काढून वाचता येत नाही. हेरिंग यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवून दिले, की रोग सुरू होताना मूल ८ वर्षांपेक्षा मोठे असेल तर ब गटात आणि ब व क यांच्या सीमेवर शस्त्रक्रियेने फायदा होतो. ८ वर्षांखालील ब गटातील मुले कोणत्याही उपचाराने चांगली राहतात. आणि क गटात बहुधा कशानेच फारसा फरक पडत नाही.