जे-१वरची दोन वर्षं: अटी दोन, गोंधळ एक

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कुणी अमेरिकेतल्या विद्यापीठात व्हिजिटिंग स्कॉलर म्हणून जायचं काढलं, की चहाचा कप रिकामा होण्याआधी कुणीतरी बजावतंच, “जपून हं, जे-१ला दोन वर्षांची अट असते.” जे-१ म्हणजे शैक्षणिक देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांसाठी अमेरिका देते तो व्हिसा. बजावणाऱ्याचं चुकत नाही. पण दोन वर्षांच्या अटी तिथे दोन आहेत, आणि एकीचा दुसरीशी काही संबंध नाही.

मी हे फजिती होऊन शिकलो. पहिल्यांदा चार महिन्यांसाठी गेलो, तेव्हा व्हिसावर छापलं होतं: ‘टू इयर रूल डझ नॉट अप्लाय’. म्हटलं, सुटलो! परत येऊन आठ महिने होत नाहीत तोच यजमान प्राध्यापकांनी वर्षभरासाठी बोलावलं. इकडे मी रजेचा अर्ज टाकला, ना-हरकत मिळवली, आणि तिकडच्या विद्यापीठाच्या कार्यालयाचं उत्तर आलं की २४ महिने पूर्ण होईपर्यंत तुमचे कागद काढता येणार नाहीत. व्हिसावरचं वाक्य खरंच होतं. फक्त ते वेगळ्याच अटीबद्दलचं होतं.

ती व्हिसावर छापलेली अट म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम २१२(ई). तिला आपण मायदेशी राहण्याची अट म्हणू. स्कॉलरनं शिकून, पाहून घरी परतावं आणि ते ज्ञान तिथे वापरावं, हा तिच्यामागचा विचार. ती सगळ्यांना लागत नाही. तीन वाटांनी लागते. एक, तुमच्या दौऱ्याचा खर्च अमेरिकी सरकारनं किंवा आपल्या सरकारनं, पूर्ण किंवा थोडा, उचलला असेल तर. दोन, तुमचा विषय तुमच्या देशापुरता ‘स्किल्स लिस्ट’ नावाच्या, म्हणजे त्या देशाला गरजेच्या कौशल्यांच्या यादीत असेल तर. तीन, डॉक्टर म्हणून तिथे वैद्यकीय प्रशिक्षण घेत असाल तर.

यातल्या दुसऱ्या वाटेनं आपल्याकडचे कितीतरी जण वर्षानुवर्षं अडकले. ९ डिसेंबर २०२४ला नवी यादी लागू झाली आणि तिच्यातून भारताचं नाव निघालं. ज्यांना केवळ त्या यादीमुळे अट लागली होती, त्यांची जुनी अटही त्यासरशी सुटली. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या सिनियर मंडळींचा सल्ला आज जसाच्या तसा घेऊ नये. त्यांच्या वेळी तो बरोबर होता. पण पहिली वाट जागच्या जागी आहे. फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीत भारत आणि अमेरिका या दोन्ही सरकारांचा पैसा असतो, तेव्हा तिथे अट आलीच. केंद्र सरकारच्या एखाद्या योजनेतून खास या दौऱ्यासाठी पैसे मिळाले असतील, तरी तेच.

अट लागली म्हणजे नेमकं काय होतं? अमेरिकेचे दरवाजे बंद होत नाहीत. पर्यटक म्हणून जाता येतं, एफ-१वर शिकायला जाता येतं, जे-१वरसुद्धा जाता येतं. बंद होतात ते नोकरीचा एच-१बी, कंपनीच्या बदलीचा एल, लग्न ठरल्यावर मिळणारा के आणि ग्रीन कार्ड. मायदेशात एकूण दोन वर्षं राहिल्यावर तेही खुले होतात. ती दोन वर्षं सलग असण्याची गरज नाही, पण भारतातच भरावी लागतात. मधली दीड वर्षं दुबईत नोकरी केली तर ती धरली जात नाहीत.

दुसरी अट निराळी. ती ‘रिसर्च स्कॉलर’ आणि ‘प्रोफेसर’ या दोन वर्गांतून आलेल्यांना लागते, आणि तिथे पैसा कुणाचा, विषय कोणता, काही विचारात घेतलं जात नाही. तुमचा कार्यक्रम संपला की पुढचे २४ महिने याच दोन वर्गांत परत येता येत नाही, बस. एच-१बी मिळत असेल तर खुशाल घ्या, ही अट आड येणार नाही. आणि हे २४ महिने तुम्ही साताऱ्यात काढा, सिंगापुरात काढा, नाहीतर दुसऱ्या व्हिसावर खुद्द अमेरिकेत काढा, घड्याळ चालूच राहतं. सोबत जे-२वर गेलेल्या नवऱ्याला किंवा बायकोलाही ही अट चिकटते. दोघंही प्राध्यापक असतील, तर घरात एकाच्या दौऱ्यानं दोघांचे दोन वर्षांचे बेत अडतात, आणि हे बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसतं. (मायदेशी राहण्याची अटही जे-२ला लागते, एवढं मात्र दोघींत सारखं आहे.)

पहिल्या अटीतून सूट मागता येते. आपल्याकडे त्यासाठी परत येण्याचं बंधन नसल्याचा दाखला काढतात, त्याला सगळे ‘नोरी’ म्हणतात. त्यात केंद्र आणि राज्य अशा दोन्हीकडच्या फेऱ्या आल्या. अमेरिकी सरकारचा पैसा घेतला असेल, तर नुसत्या ना-हरकतीवर सहसा भागत नाही. शिवाय अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं सूट देण्याची शिफारस केली, की चालू जे-१ला मुदतवाढ मिळत नाही. त्यामुळे घाई करण्यातही तोटा. दुसऱ्या अटीला मात्र सूटच नाही. कितीही मोठ्या प्राध्यापकाचं पत्र आणा, २४ महिने म्हणजे २४ महिने.

आणि माझ्यासारख्यांची गफलत होते ती इथे: पहिली अट कागदावर दिसते, दुसरी दिसत नाही. पहिलीचा शेरा व्हिसावर येतो, डीएस-२०१९ या यजमान विद्यापीठानं व्हिसासाठी दिलेल्या फॉर्मवरही येतो. तो शेरासुद्धा शेवटचा शब्द नसतो. शंका असेल तर परराष्ट्र खात्याकडून अधिकृत मत मागवता येतं. दुसरीचा शिक्का कुठेच मारलेला नसतो. तिचा एकच माग म्हणजे डीएस-२०१९वरचा चौथा रकाना, जिथे तुमचा वर्ग लिहिलेला असतो.

म्हणून अर्ज करताना जीव ओतायचा तो त्या रकान्यावर. व्हिजिटिंग स्कॉलर ही विद्यापीठानं दिलेली पदवी झाली. व्हिसाच्या हिशेबात त्या नावाचा वर्गच नाही. तिथे तुम्ही बहुधा एकतर ‘रिसर्च स्कॉलर’ असता किंवा ‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’. रिसर्च स्कॉलरचा कार्यक्रम किमान तीन आठवड्यांचा आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा. शॉर्ट-टर्मला कमाल सहा महिने, आणि एका दिवसाचीही वाढ नाही. पण संपल्यावर २४ महिन्यांची बंदीही नाही.

पाच वर्षं ऐकली की आपल्याला वाटतं, जास्त ते बरं. तसं नसतं. ती पाच वर्षं पिशवीत भरून ठेवता येत नाहीत. चार महिने राहून कार्यक्रम संपवला, की उरलेली चार वर्षं आठ महिने वाया जातात आणि बंदी सुरू होते. कार्यक्रम चालू असताना एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात बदली घेता येते, तेव्हा खंड पडत नाही आणि बंदीही लागत नाही. पण त्यासाठी तिथे सलग राहायचा बेत हवा. आपल्या प्राध्यापकाला रजा मिळते एका सत्राची. त्याला रिसर्च स्कॉलर करून पाठवणं म्हणजे बसचा वर्षाचा पास काढून एकदा स्टँडपर्यंत जाऊन येणं.

मग कार्यालयं तो वर्ग का टाकतात? विभागाच्या क्लार्कला तोच अर्ज भरायची सवय असते, आणि यजमान प्राध्यापकाला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याचं काम तुमचा प्रकल्प वाचून ‘या’ म्हणणं. पुढे निमंत्रणपत्र, सीव्ही, पासपोर्ट, इंग्रजी येत असल्याचा पुरावा आणि खर्चाची सोय दाखवणारे बँकेचे कागद आंतरराष्ट्रीय कार्यालयात जातात, आणि तिथून डीएस-२०१९ निघतो. तो हातात पडल्यावर सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थी-स्कॉलरांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी यंत्रणेची, २२० डॉलरची फी, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज आणि मुंबईकरांना बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत. आरोग्यविम्याची अटही काटेकोर असते: प्रत्येक आजाराला किंवा अपघाताला किमान एक लाख डॉलरचं संरक्षण, आणि स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम ५०० डॉलरच्या वर नको. आपल्याकडून घेतलेली साधी प्रवास पॉलिसी यात बसतेच असं नाही.

रकाना बदलायचा तो या टप्प्यावर, कार्यक्रम सुरू होण्याआधी. तिथे पोहोचून नोंद झाल्यावर शॉर्ट-टर्मचं रिसर्च स्कॉलर करून घेणं जवळपास अशक्य. म्हणून राहायचं किती, सहा महिन्यांच्या वर जाण्याची खरंच शक्यता आहे का, आणि दोन वर्षांत परत बोलावणं येईल का, याचा विचार आधी करायचा. सहा महिन्यांच्या आतलं काम असेल आणि परत जायची आशा असेल, तर शॉर्ट-टर्मच मागा. वर्षभर राहायचं असेल तर रिसर्च स्कॉलरला पर्याय नाही. मग २४ महिने धरूनच पुढचा बेत आखा. बंदीच्या काळात बोलावणं आलं, तरी शॉर्ट-टर्मवर जाता येतं. मला ते कळेपर्यंत माझी रजा रद्द झाली होती.

एक तिसरा नियमही आहे, १२ महिन्यांचा. आधीच्या वर्षभरात तुम्ही विद्यार्थी म्हणून किंवा जोडीदारासोबत सहा महिन्यांहून जास्त जे-१ किंवा जे-२ व्हिसावर तिथे राहिला असाल, तर लगेच रिसर्च स्कॉलर होता येत नाही. शॉर्ट-टर्मवर राहिलेले दिवस त्यात धरत नाहीत.

गेल्या वर्षी आमच्याच विभागातल्या एका सहकारी बाईंना पाच महिन्यांचं बोलावणं आलं. कार्यालयानं नेहमीप्रमाणे रिसर्च स्कॉलरचा फॉर्म धाडला. बाईंनी सही करण्याआधी दोन ओळींची मेल टाकली: मुक्काम सहा महिन्यांच्या आत आहे, शॉर्ट-टर्म वर्ग चालेल का? तीन दिवसांत दुरुस्त फॉर्म आला. आता जानेवारीत त्या त्याच विद्यापीठात वर्षभरासाठी निघाल्यात, आणि या वेळी चौथ्या रकान्यात रिसर्च स्कॉलर आहे.